क्वालिफायिंगची अकरा वर्षं

आमच्या आजीने रॅकेट कधी हातात धरली नाही, पण ड्रॉ, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी याचा तक्ता, ती माझ्यापेक्षा बारकाईने बघायची. ड्रॉला ती पत्रिका म्हणायची. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कागद तिच्यासमोर धरला की चष्मा नाकावर घट्ट करून विचारायची, "पहिल्या घरात कोण बसलंय?" पहिल्याच फेरीत सीडेड, म्हणजे मानांकित, मुलगी असली की "साडेसाती" म्हणून कागद परत. एकदा मी खुशीत सांगितलं, "आजी, पहिल्या राउंडला बाय आहे." म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत. ती म्हणाली, "असंना का. तूबी बायच हैस की. कुठली हाय ती?"

२००८ ते २०१९ अशी अकरा वर्षं मी बॅडमिंटनच्या स्पर्धांमध्ये खेळले. महिला एकेरी. जागतिक क्रमवारीत २८७ पर्यंत गेले, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा गप्प होतो. हे चांगलं की वाईट, त्याला ठरवता येत नाही. मलाही पुरतं ठरवता आलेलं नाही. मग पुढचा प्रश्न येतोच, "सायनाशी खेळलीस का?" नाही. सायना कोर्टवर उतरायची त्याच्या आत माझी परतीची गाडी दौंड ओलांडून गेलेली असायची.

क्वालिफायिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझी बहुतेक वर्षं तिथेच गेली. मोठ्या स्पर्धेच्या मेन ड्रॉमध्ये एकेरीच्या जागा बहुधा ३२. एन्ट्री बंद होण्याच्या सुमाराला रँकिंग बघतात आणि वरच्या खेळाडूंना थेट जागा देतात. उरलेल्या मोजक्या जागांसाठी बाकी सगळ्यांनी आधी आपसात झुंजायचं. त्याच्याही खाली रिझर्व्ह लिस्ट. वर कुणी माघार घेतली तर आपलं नाव सरकतं, म्हणून बॅग भरून मोबाईलकडे बघत बसायचं. टीव्हीवर दिसतं ते बॅडमिंटन शेवटच्या दोन दिवसांचं. आमचं सगळं पहिल्या सकाळी आटोपायचं.

आमचं घर सांगलीत, गावभागात. बाबा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. नऊ वर्षांची असताना, २००४ मध्ये, मला बॅडमिंटनच्या उन्हाळी शिबिराला घातलं, कारण पोहण्याच्या शिबिरातल्या जागा संपल्या होत्या. नंदू नाटेकर सांगलीचे, १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकून आले, परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, हे शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचला सांगितलं जायचं. आम्ही पोरं तेव्हा नव्या बुटांकडे बघत असायचो. ऐकायचे ते आईबाप.

पुढच्याच वर्षी कृष्णेला पूर आला. हॉलच्या लाकडी फ्लोअरखाली पाणी शिरलं, फळ्या फुगल्या, आणि काही महिने आम्ही एका मंगल कार्यालयात खेळलो. लग्नाच्या तारखांना सुट्टी. छत बुटकं, उंच टॉस मारला की थेट पंख्याला. त्यामुळे मी सगळं सपाट मारायला शिकले. ही सवय पुढे पुण्यात सोडवायला सरांना दोन वर्षं लागली. तेव्हा मुलींचा गेम अकराचा असायचा आणि सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट. २००६ पासून गेम एकवीसचा आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट असं झालं. जुनीजाणती माणसं कुरकुरली, "यात धीर कुठे राहिला?" मला मात्र बरं वाटलं. आधी मी शून्यावर हरायचे, आता सात-आठ तरी व्हायला लागले.

बाबा दिवाणजी, म्हणजे खर्च वहीत जाणारच. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी एक पान उघडलं, वर लिहिलं "बॅडमिंटन खाते". खाली त्यांच्या मोडीवळणाच्या अक्षरात: गटिंग १, रु. १८०. फुले बॅरल १, रु. ६५०. मिरज–पुणे तिकिटे २. केळी. गटिंग म्हणजे रॅकेटची जाळी नव्याने विणून घेणं. शटलला आमच्याकडे सगळे फूलच म्हणतात. बारा फुलांचं एक बॅरल, आणि नीट सराव करायचा तर ते दोन दिवसांतही संपतं. रॅकेट एकदा घेतली की काही वर्षं पुरते. या खेळात माणूस कंगाल होतो तो फुलांपायी.

एका फुलाला सोळा पिसं असतात. एक मोडलं की ते हवेत डुगडुगायला लागतं. पिसं कोरडी पडली की लवकर मोडतात, म्हणून त्यांना वाफ द्यायची. रात्री जेवणं झाल्यावर बाबा चहाच्या पातेल्यात पाणी उकळायचे, बॅरलची दोन्ही झाकणं काढून ते वाफेवर आडवं-उभं धरायचे, ओठांतल्या ओठांत दहा मोजायचे, मग झाकणं लावून रात्रभर कपाटावर उभं ठेवायचे. जास्त वाफ लागली तर फूल जड होतं, बूच ओलं झालं तर कामातूनच जातं. पहिली दोन बॅरलं त्यांनी वाया घालवली. मग हात असा बसला की पुण्याच्या मुली मला विचारायच्या, तुझी फुलं इतकी कशी टिकतात?

२००९ मध्ये, चौदाव्या वर्षी, पुण्याला आले. आईची जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, बाबांची पेढी. मोकळी होती ती आजी. अडुसष्ट वर्षांची बाई नातीसाठी शिवाजीनगरला एका खोलीत राहायला आली. येताना जातं आणायचं म्हणत होती, कसंबसं पाटा-वरवंट्यावर भागवलं. घरमालक जुने पुणेकर. या खेळाचे पहिले नियम १८७० च्या दशकात इथल्याच इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले, खेळाचं नावच तेव्हा 'पूना' होतं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे. भाडं मात्र दर अकरा महिन्यांनी वाढवायचे.

पहाटे साडेपाचला हॉल. आधी दोरीवरच्या उड्या, मग शॅडो, म्हणजे फुलाशिवाय नुसतं कोर्टभर पळणं, मग नॉकिंग. प्रत्येक हॉलमध्ये एक न लिहिलेली जातव्यवस्था असते. पहिल्या कोर्टवर रँकिंगवाल्या मुली आणि नवी फुलं. दुसऱ्या कोर्टवर त्यांची कालची फुलं. आम्ही शेवटच्या कोर्टवर, भिंतीला खेटून, आमच्याकडे परवाची. मोडक्या पिसांच्या फुलावर शिकलेला ड्रॉप, म्हणजे नेटजवळ हळूच टाकायचा शॉट, नव्या फुलावर नेटमध्ये जातो, हे मला पहिल्या ऑल इंडिया स्पर्धेत कळलं. आजी बाकावर वाती वळत बसायची. दोन वर्षांत तिला इतकं कळायला लागलं की संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणायची, "बॅकहँडाला आलं की तू घाबरतीस. दिसतं ते." सरांनी हेच सांगायला व्हिडिओ काढला होता.

ऑल इंडिया रँकिंग स्पर्धेचं क्वालिफायिंग कुणी जवळून बघितलं नसेल तर त्याचं वर्णन करायला हवं. सकाळी आठचा रिपोर्टिंग टाइम. शंभराच्या वर मुली, कोर्टं सहा-सात. बॅगांवर झोपलेल्या, भिंतीला पाय लावून ताण देणाऱ्या, कोपऱ्यात उकडलेले बटाटे खाणाऱ्या. पुकारा कधी होईल सांगता येत नाही, त्यामुळे जेवायचं की नाही हाच दिवसभराचा प्रश्न. जेवलं की लगेच नाव पुकारतात, असा आमचा ठाम समज होता. एका दिवसात दोन, कधी तीन मॅच. लाइन जज नसतात. खुर्चीवर बसलेला अंपायर चारही रेषा एकट्याने बघणार, आणि तो बऱ्याचदा आमच्याच वयाचा, सकाळपासून चहावर जगलेला. मागच्या रेषेवरचं फूल त्याला दिसणार कसं? रेषेपासून चार बोटं आत पडलेलं फूल त्याने "आउट" दिलं आणि मी बघत राहिले, असं किती वेळा झालं याची मोजदाद नाही. चार बोटं बाहेर पडलेलं "इन" मिळालं तेव्हा मीही गप्प बसले, तेही सांगून टाकते.

प्रवास स्लीपरने, सवलतीचा फॉर्म भरून. विजयवाडा, हैदराबाद, गुवाहाटी. गुवाहाटीला जायला-यायला मिळून सहा दिवस गेले आणि कोर्टवर मी होते एकतीस मिनिटं. बाबांनी वहीत त्या स्पर्धेपुढे रक्कम लिहिली आणि शेरा काही लिहिला नाही. एरवी लिहायचे: "दोन फेऱ्या. ठीक."

२०१५ मध्ये घोटा गेला. मल्टीफीड चालू होतं. सर टोपलीतून एकामागून एक फूल फेकतात आणि आपण थांबायचं नसतं. कोर्ट झाडायची पाळी माझी होती आणि एक फूल मागच्या कोपऱ्यात राहून गेलं. उडी मारून स्मॅश केला, खाली आले ती त्याच्यावर. आवाज आला तो घोट्याचा की बुचाचा, अजून कळलेलं नाही. अकरा आठवडे कोर्टबाहेर. फिजिओ आठवड्यातून दोनदाच परवडायचा, उरलेले दिवस आजी हळद आणि तुरटीचा लेप लावायची. कशाने बरं झालं यावर घरात आजही एकमत नाही.

बरी झाले ते बहुधा चांगल्यासाठीच, कारण पुढचं वर्ष माझं सगळ्यात बरं वर्ष. २०१६ मध्ये मुंबईत, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये, टाटा ओपन इंटरनॅशनल चॅलेंजच्या क्वालिफायिंगला नाव लागलं. नोटाबंदीनंतरचे दिवस. बाबांनी शंभराच्या नोटा गोळा करून रुमालात बांधून दिल्या होत्या. उतरले डोंबिवलीला मावशीकडे. पहाटेची फास्ट लोकल, सीएसटीपासून चालत चर्चगेट. पाठीवरच्या किटबॅगमुळे लेडीज डब्यातल्या बायकांनी माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

क्वालिफायिंगच्या शेवटच्या मॅचला समोर दिल्लीची मुलगी, माझ्यापेक्षा अर्धा फूट उंच. पहिला गेम तिचा, दुसरा माझा. मोठ्या हॉलमध्ये ड्रिफ्ट असतो, हवा फूल एका बाजूला ढकलते. तिसऱ्या गेममध्ये अकरावर बाजू बदलली आणि हवा माझ्या पाठीशी आली. पाठीशी हवा म्हणजे फायदा असं वाटतं, पण टॉस बाहेर जायला लागतात. तीन पॉइंट तसेच घालवले. १९–१९ ला मी टॉस मारायचं सोडूनच दिलं आणि मंगल कार्यालयातला सपाट ड्राइव्ह काढला, तिच्या बॅकहँडच्या खांद्यावर. तिने वाट बघितली उंच फुलाची. २०–१९. पुढच्या रॅलीत मी नेटवर ड्रिबल केलं, फूल पट्टीवर चढलं, बसलं, आणि पलीकडे घरंगळलं. अशा वेळी हात वर करून माफी मागायची पद्धत आहे. मी हात वर केला आणि तोंड फिरवून हसले.

दुसऱ्या दिवशी मेन ड्रॉची पहिली फेरी सव्वीस मिनिटांत हरले. ९–२१, १२–२१. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ८८० गुण मिळतात, स्पर्धा जिंकणाऱ्याला ४०००. वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा निकालांची बेरीज म्हणजे जागतिक रँकिंग, आणि माझ्या त्या वर्षीच्या बेरजेत हे ८८० सगळ्यात वजनदार. बक्षिसाची रक्कम शून्य. फोनवर आजी म्हणाली, "पत्रिकेत नाव आलं न्हवं? मोठ्या पत्रिकेत? मग झालं."

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नागपूरला, मानकापूरच्या संकुलात, सीनियर नॅशनल्स होत्या. माझं लवकर आटोपलं, पण तिकीट फायनलनंतरचं होतं म्हणून थांबले. सायना आणि सिंधू. सायना जिंकली, २१–१७, २७–२५. लोक स्मॅशला टाळ्या वाजवत होते. मी पाय बघत होते. शॉट मारून झाल्यावर मध्याकडे परत येताना एक अर्धं पाऊल असतं, तोल सावरायचं. त्या दोघींच्यात ते शॉटमध्येच मुरलेलं होतं, दिसायचंच नाही. माझं मला ऐकू यायचं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि हे अर्धं पाऊल तेरा-चौदाव्या वर्षी, पहिल्या कोर्टवर, नव्या फुलांवर बसतं अशी माझी समजूत झाली. चुकीचीही असेल. पण ती पुसता आली नाही.

तरी दोन वर्षं खेळले. का, विचारलं तर एन्ट्री भरायची सवय लागलेली असते. २०१८ मध्ये काठमांडूलाही जाऊन आले. परदेशी स्पर्धेची एन्ट्री आपल्या संघटनेमार्फतच जाते, पैसे डॉलरात, आणि मुदतीनंतर माघार घेतली तर दंड. शहर चौदाशे मीटर उंचीवर, हवा विरळ, फूल पळतं. फुलाचा वेग तपासायची रीत अशी: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारायचं, ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर आत पडलं तर ठीक. मी सोबत नेलेली, बाबांनी वाफ दिलेली, वेगाच्या ७७ नंबरची फुलं सरावाला काढली तर थेट रेषेपलीकडे. पिसांची टोकं बाहेर वाकवून ती जरा हळू करता येतात, पण सरावापुरतीच. मॅचची फुलं आयोजकांची. पुण्यात रेषेवर पडणारे माझे टॉस तिथे वीतभर बाहेर जात होते, आणि हाताला हे पटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पहिला गेम संपला होता.

नोकरीचंही बघून झालं होतं. स्पोर्ट्स कोट्यात निघणाऱ्या जागांना राष्ट्रीय स्पर्धेतला ठरावीक नंबर लागतो. माझ्या फाइलमध्ये प्रमाणपत्रं छत्तीस, त्यातली बरीचशी "सहभाग" या शब्दाची. एका कार्यालयातल्या साहेबांनी ती सगळी शांतपणे चाळली, नीट टाचणी लावली आणि परत दिली. बोलले काहीच नाहीत. एवढ्या सभ्यपणे नकार मला दुसऱ्या कुठे मिळाला नाही.

शेवटची मॅच २०१९ च्या अखेरची, क्वालिफायिंगचीच, तिसऱ्या गेमला १६–२१. हरल्यावर रडू आलं नाही. आदल्या दिवशीच साडेचारशे रुपये देऊन गटिंग करून घेतली होती, ती वाया गेली एवढंच मनात आलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आपण पुढची एन्ट्री भरणार नाही आहोत.

घरी आल्यावर मी बाबांची वही मागितली. एकूण किती झाले ते मला बघायचं होतं; परत फेडायचं वगैरे काही डोक्यात घेतलं होतं. अडत दुकानाचा नियम असा की दिवाळी पाडव्याला नवी वही सुरू होते आणि पहिल्या ओळीवर "मागील बाकी" येते. किराणा खातं, दूध खातं, माझ्या भावाचं कॉलेज खातं, सगळ्यांवर ती ओळ होती. बॅडमिंटन खात्यावर अकराही वर्षं नव्हती. दर पाडव्याला ते पान कोरं सुरू झालेलं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "राहून गेलं असेल." चाळीस वर्षं दिवाणजीगिरी केलेला माणूस.

मग मार्च २०२० आला, सगळं बंद झालं, आणि एक गंमत झाली. स्पर्धाच नाहीत म्हटल्यावर जागतिक रँकिंग होतं तिथेच गोठवलं. एरवी ५२ आठवडे झाले की जुने गुण गळून पडतात. माझे गळेनात. मी रॅकेट माळ्यावर टाकलेली, आजीबरोबर वाती वळत बसलेली, आणि यादीत मी अजून जगातली तीनशे बारावी. बाबा दर आठवड्याला मोबाईलवर यादी उघडायचे, खाली खाली सरकवत जायचे, नाव सापडलं की मोबाईल आजीकडे द्यायचे. हलायचं काहीच नाही, तरी बघायचे.

२०२१ मध्ये रँकिंग पुन्हा हळूहळू हलू लागलं. मी तेव्हा सकाळची एक बॅच शिकवायला लागले होते, दहा-बारा वर्षांच्या मुली, मास्क लावून. एक दिवस सरावातच बाबांचा फोन आला. म्हणाले, यादी तीनदा खालपर्यंत बघितली, नाव काही दिसत नाही, रेंज नसेल, पान पूर्ण उघडत नसावं.

मी म्हटलं, "बाबा, पान बरोबर आहे."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. तुझ्या पोरींसाठी दोन बॅरलं आणून ठेवलीत. वाफ आज देतो."